टीव्ही दिग्दर्शकाची कारकीर्द कशी अभ्यासावी? हेसूस त्रेविन्यो यांच्यापासून सुरुवात करणाऱ्यांसाठी

चित्रपट दिग्दर्शकाचा अभ्यास करायचा तर वाट ठरलेली आहे. त्याचे दहा-बारा सिनेमे क्रमाने बघायचे, मुलाखती वाचायच्या, जमलं तर एखादं चरित्र मिळवायचं. टीव्हीच्या दिग्दर्शकाच्या बाबतीत ही वाट चालत नाही. त्याच्या नावावर मालिकांची भलीमोठी यादी असते, प्रत्येकीतले दोन-चार भाग असतात, आणि प्रेक्षकाला त्याचं नाव ठाऊकच नसतं. तो अमेरिकेतला लॅटिनो असेल तर अडचण आणखी वाढते. सुरुवातीचं काम बहुधा स्थानिक वाहिनीवर, माहितीपटांत, चळवळीच्या आसपास झालेलं असतं आणि ते आज सहज हाती लागत नाही.

तरीही हा अभ्यास करावा असं मला मनापासून वाटतं, विशेषतः ज्यांना मालिका किंवा वेबसिरीज दिग्दर्शित करायची आहे त्यांनी. मोठमोठ्या सिनेमावाल्यांकडून दृष्टी मिळते. पण दुसऱ्याने लिहिलेली संहिता, दुसऱ्याने निवडलेले नट आणि ठरलेले आठ दिवस एवढ्यात चांगलं काम कसं उभं करायचं, हे टीव्हीवाल्यांकडूनच शिकावं लागतं. ते करताना आपला विषय आणि आपली माणसं हातची सुटू न देणं त्याहून अवघड. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या कामात बघायच्या असतील तर हेसूस साल्वादोर त्रेविन्यो यांचं काम बघा. जन्म 1946, टेक्सासमधल्या एल पासोचा. वाढले लॉस एंजेलिसच्या पूर्व भागात. आधी चिकानो चळवळीचे चित्रणकार, मग 'स्टार ट्रेक'पासून 'ई.आर.'पर्यंतच्या मालिकांचे दिग्दर्शक.

पहिली पायरी: श्रेयनामावली वाचायला शिका

अमेरिकन सिनेमात दिग्दर्शक हा शेवटचा शब्द मानला जातो. टीव्हीत तसं नाही. तिथे मालिका असते शोरनरची, म्हणजे जो मुख्य लेखकही असतो आणि निर्माताही. नावांच्या यादीत तो 'एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसर' म्हणून दिसतो. दिग्दर्शक भागापुरता येतो, काम करतो आणि पुढच्या मालिकेकडे जातो. त्यामुळे 'डायरेक्टेड बाय' ही ओळ मालिकेच्या नव्हे, त्या एका भागाच्या सुरुवातीला शोधायची.

पायलटच्या, म्हणजे मालिकेच्या पहिल्या भागाच्या दिग्दर्शकाला मात्र वेगळं महत्त्व असतं. मालिका कशी दिसणार, कॅमेरा कसा हलणार, प्रकाश किती गडद, हे पहिल्या भागात ठरतं आणि नंतर येणाऱ्या सगळ्यांना ते पाळावं लागतं. 'एनवायपीडी ब्लू' या पोलिसांवरच्या मालिकेचा हातात धरलेला, अस्वस्थपणे इकडेतिकडे वळणारा कॅमेरा बघून 'काय शैली आहे या दिग्दर्शकाची!' असं कुणी तिसऱ्या पर्वातल्या दिग्दर्शकाबद्दल लिहिलं तर ते चूक. ती शैली ग्रेगरी हॉब्लिट यांनी पायलटमध्ये घालून दिली होती.

म्हणून वहीत प्रत्येक भागासमोर चार रकाने आखा: भागाचा दिग्दर्शक, भागाचा लेखक, शोरनर, पायलटचा दिग्दर्शक. कंटाळवाणं काम आहे, पण त्याशिवाय पुढचं काही कळत नाही. आपल्याकडच्या दैनंदिन मालिकांत हा गुंता वेगळ्या तऱ्हेचा असतो. रोज भाग बाहेर पडायचा असतो, बँक, म्हणजे आगाऊ चित्रित भागांचा साठा, तयार ठेवायची असते, म्हणून मुख्य दिग्दर्शकाच्या हाताखाली एपिसोड डायरेक्टर काम करतात. त्यांनाही हे चार रकाने लावून बघा, बरंच दिसू लागेल.

दुसरी पायरी: कॅमेऱ्याच्या आधीचा इतिहास

हा भाग टाळून थेट मालिका बघायला बसू नका. लॅटिनो म्हणजे लॅटिन अमेरिकेत मूळ असलेले अमेरिकेतले लोक: मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्यूबन, मध्य अमेरिकन असे सगळे. त्यातल्या मेक्सिकन वंशाच्या ज्या अमेरिकनांनी 1960 च्या दशकात हक्कांची चळवळ उभी केली त्यांनी स्वतःला चिकानो म्हणवून घेतलं. त्यांच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज सीमा ओलांडून आलेच नव्हते. 1848 च्या ग्वादालूपे हिदाल्गो तहानंतर मेक्सिकोचा उत्तरेकडचा मोठा प्रदेश अमेरिकेत गेला आणि माणसं होती तिथेच परकी झाली.

मार्च 1968 मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या शाळांमधले हजारो विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर आले. गारफिल्ड, रूझवेल्ट, लिंकन या शाळा त्यात पुढे होत्या. मागण्या साध्या होत्या: स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा नको, आमचा इतिहास शिकवा, आमच्यातले शिक्षक नेमा, आम्हाला फक्त कामगार बनवायच्या वर्गांत ढकलू नका. त्यानंतर तेरा जणांवर कटाचा खटला भरला गेला. त्यात साल कास्ट्रो हे शिक्षकही होते. पुढे 29 ऑगस्ट 1970 रोजी व्हिएतनाम युद्धाविरोधातल्या मोठ्या चिकानो मोर्चाच्या दिवशी पत्रकार रुबेन सालाझार एका कॅफेत बसलेले असताना शेरीफच्या माणसाने झाडलेल्या अश्रुधुराच्या नळकांड्याने मारले गेले. एवढ्या दोन घटना नीट वाचून ठेवल्या तरी त्रेविन्यो यांच्या सुरुवातीच्या कामाची अर्धी किल्ली हाती येते.

तिसरी पायरी: सुपर-8 पासून सुरू करा

त्रेविन्यो ऑक्सिडेंटल कॉलेजातून बाहेर पडले तेव्हा त्यांच्याकडे चित्रपटाचं शिक्षण नव्हतं. अल्पसंख्य समाजातल्या तरुणांना चित्रपटनिर्मिती शिकवणाऱ्या 'न्यू कम्युनिकेटर्स' नावाच्या एका उपक्रमात ते शिरले. तो उपक्रम फार टिकला नाही, पण सुपर-8 कॅमेरा हातात आला आणि त्याच वर्षी त्यांच्याच भागात विद्यार्थी रस्त्यावर होते. मोठ्या वाहिन्या त्या गर्दीकडे बाहेरून बघत होत्या. त्रेविन्यो गर्दीत होते. त्या चित्रणातून 'ला रासा नुएवा' हा त्यांचा सुरुवातीचा माहितीपट झाला.

नवख्या माणसाने इथे एक गोष्ट टिपून ठेवावी. त्या काळी सुपर-8 हा घरगुती वाढदिवस टिपायचा कॅमेरा मानला जात असे. चित्र ढोबळ, एका काडतुसात जेमतेम तीन मिनिटांची फिल्म. पण कधी कॅमेरा चालू करायचा आणि कधी बंद, हा निर्णय त्या तीन मिनिटांमुळेच अंगवळणी पडतो. पुढे आठ दिवसांत एक तासाचा भाग काढणाऱ्याला ही सवय किती उपयोगी पडली असेल, याचा विचार त्यांचे नंतरचे भाग बघताना सतत करत राहा.

लगेच पुढचा टप्पा म्हणजे लॉस एंजेलिसची सार्वजनिक वाहिनी केसीईटी. तिथे 'आओरा' हा चिकानो समाजासाठीचा कार्यक्रम 1969 मध्ये सुरू झाला आणि त्रेविन्यो त्यात होते. नंतर 1972 पासून 'आक्सिऑन चिकानो' या साप्ताहिक कार्यक्रमाची निर्मिती आणि निवेदन त्यांनी केलं. मुलाखती, संगीत, नाटक, वादविवाद, सगळं त्यात असे. स्टुडिओत अनेक कॅमेऱ्यांवर काम करायचं, वेळेत संपवायचं, पाहुणा ऐनवेळी आला नाही तरी कार्यक्रम करायचाच, हे शिक्षण चित्रपटशाळेत मिळत नाही.

आता इथे थोडं रेंगाळा. 1971 चा 'अमेरिका त्रोपिकाल' हा छोटा माहितीपट मिळाला तर आधी तोच बघा. विषय एक भिंत. मेक्सिकन चित्रकार डेव्हिड आल्फारो सिकेरोस 1932 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये आले होते. ओल्वेरा स्ट्रीट या पर्यटकांसाठी सजवलेल्या 'मेक्सिकन' गल्लीत एका इमारतीच्या वरच्या बाहेरच्या भिंतीवर त्यांना चित्र काढायला सांगितलं गेलं. विषय दिला होता उष्ण कटिबंधातली अमेरिका. काम देणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे झाडं, फळं, पक्षी, आनंदी माणसं असणार. सिकेरोस यांनी घनदाट जंगल आणि पडझड झालेलं मंदिर रंगवलं, मधली जागा शेवटपर्यंत रिकामी ठेवली आणि तिथे दुहेरी क्रूसावर बांधलेला मूलनिवासी माणूस काढला. त्याच्या डोक्यावर अमेरिकेचा गरुड. रस्त्यावरून दिसणारा भाग आधी पांढऱ्या रंगाखाली गेला, मग सगळी भिंतच.

काही दशकांनी ऊन-पावसाने तो पांढरा रंग झिजू लागला आणि खालचं चित्र पुसट दिसू लागलं. नेमकी तीच वेळ चिकानो चळवळीची. त्रेविन्यो यांनी त्या भिंतीवर आणि ती वाचवण्याच्या धडपडीवर माहितीपट केला. चित्राचा जीर्णोद्धार व्हायला मात्र फार काळ गेला. गेटी संवर्धन संस्थेच्या मदतीने ते काम झालं आणि ऑक्टोबर 2012 मध्ये भिंत लोकांसाठी खुली झाली. म्हणजे माहितीपटानंतर चाळीसहून अधिक वर्षांनी.

हा माहितीपट बघताना स्वतःला एक व्यावहारिक प्रश्न विचारा: जे चित्र धड दिसतच नाही ते पडद्यावर कसं दाखवायचं? जुनी छायाचित्रं, साक्षीदार, आजची पुसट भिंत, निवेदन यांची सांगड कशी घातली आहे ते दृश्यागणिक लिहून काढा. मालिकेतल्या कुठल्याही कथानकापेक्षा हा धडा नवशिक्याला जास्त देऊन जातो, असं माझं ठाम मत आहे.

त्यानंतर 1972 चा 'यो सोय चिकानो'. अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीवर देशभर दाखवला गेलेला, चिकानो दृष्टीने केलेला हा पहिल्या माहितीपटांपैकी एक. कोलंबसपूर्व काळापासून थेट त्या वेळच्या नेत्यांपर्यंत तो येतो: शेतमजुरांच्या संघटनेच्या दोलोरेस उएर्ता, न्यू मेक्सिकोत जमिनींच्या हक्कांसाठी लढणारे रेईस लोपेझ तिखेरिना, डेन्व्हरचे कॉर्की गोन्साल्वेस, टेक्सासचे होसे आंखेल गुतिएर्रेझ. इतिहासातला प्रसंग आणि आजचा नेता हे एकमेकांना जोडून दाखवायची त्याची रीत आज थोडी सरळसोट वाटेल. वाटू द्या. ज्या प्रेक्षकाने आपला इतिहास टीव्हीवर कधीच पाहिलेला नाही, त्याच्यासाठी केलेलं ते काम आहे.

चौथी पायरी: दोन कथापट, एक प्रश्न

'राईसेस दे सांग्रे' आणि 'सेगीन' हे त्रेविन्यो यांचे कथापट लागोपाठ बघा. पहिला 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धातला, सीमेच्या दोन्ही बाजूंना राबणाऱ्या कापड कामगारांवरचा. अमेरिकेत असा सिनेमा काढायला कुणी पैसे देईना अशा त्या काळात हा चिकानो दिग्दर्शक मेक्सिकोच्या सरकारी चित्रसंस्थेकडे गेला आणि सिनेमा तिथे झाला. 'निर्मिती कुणाची' हा पाचवा रकानाही वहीत का हवा ते इथे समजतं. दार बंद असेल तर माणूस दुसरीकडून आत येतो, आणि त्या दुसऱ्या दाराची खूण कामावर उरते. भाषा, नट, लय, सगळ्यावर.

'सेगीन' 1982 मध्ये पीबीएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या सार्वजनिक टीव्हीच्या, 'अमेरिकन प्लेहाउस' या मालिकेत दाखवला गेला. हुआन सेगीन हा टेक्सासमधला मेक्सिकन जमीनदार. 1836 च्या टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धात तो मेक्सिकोच्या सांता आना या सेनापतीविरुद्ध, गोऱ्या बंडखोरांच्या बाजूने लढला. सान अँतोनियोचा महापौर झाला. आणि काही वर्षांतच त्याच गोऱ्या शेजाऱ्यांनी त्याला देशद्रोही ठरवल्यामुळे 1842 मध्ये मेक्सिकोत पळून गेला. सेगीनच्या भूमिकेत ए मार्टिनेझ, सांता आनाच्या भूमिकेत एडवर्ड जेम्स ओल्मोस. बघताना प्रश्न एकच: हा नायक कुणाचा? दिग्दर्शक त्याला निखळ वीर म्हणून उभा करतो की गोंधळलेला, दोन्हीकडून नाकारलेला माणूस म्हणून? उत्तर संवादांतून काढू नका. तो चौकटीत एकटा कधी असतो, कुणाच्या मागे उभा असतो, दारातून कोण आत येतं आणि कोण बाहेरच थांबतं, हे बघा.

पाचवी पायरी: एका भागाचं वेळापत्रक पाठ करा

त्रेविन्यो यांना दिग्दर्शकांच्या संघटनेचा, म्हणजे डायरेक्टर्स गिल्ड ऑफ अमेरिकाचा पुरस्कार सीबीएस वाहिनीच्या 'स्कूलब्रेक स्पेशल' मालिकेतल्या 1988 च्या 'गँग्ज' या भागासाठी मिळाला. किशोरवयीन मुलांसाठी दुपारी दाखवला जाणारा भाग. चळवळ, सार्वजनिक वाहिनी, ऐतिहासिक कथापट एवढं करून झाल्यावर दिग्दर्शकाने मुलांसाठीच्या दुपारच्या कार्यक्रमात जीव ओतावा, हे मला फार मोलाचं वाटतं. 1990 च्या दशकात मग मुख्य वेळेतल्या मालिका आल्या: 'एनवायपीडी ब्लू', 'शिकागो होप', 'बॅबिलॉन 5', 'स्टार ट्रेक'च्या 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर', 'ई.आर.', नंतर 'थर्ड वॉच', 'क्रिमिनल माइंड्स'.

हे काम समजायचं तर एक तासाच्या भागाचं वेळापत्रक डोक्यात पक्कं हवं. साधारण असं:

तयारीचे सात-आठ दिवस. संहिता हातात येते, कधी अर्धवटच. पहिला सहायक दिग्दर्शक दृश्यं तोडून वेळापत्रक लावतो. जागा बघितल्या जातात. छोट्या भूमिकांसाठी नट निवडले जातात. मुख्य नट आधीच ठरलेले, त्यात दिग्दर्शकाचा शब्द नाही. मग टोन मीटिंग: लेखक किंवा शोरनर दिग्दर्शकाला घेऊन बसतो आणि दृश्यामागून दृश्य सांगतो की इथे काय घडायला हवं, हा विनोद किती वर न्यायचा, ही बाई खोटं बोलते आहे हे प्रेक्षकाला आत्ता कळायला हवं की नंतर. या बैठकीत जो दिग्दर्शक गप्प बसतो त्याला चित्रीकरणाच्या दिवशी बोलावं लागतं, आणि तेव्हा ते महागात पडतं.

चित्रीकरणाचे सात-आठ दिवस. रोज संहितेची सहा-सात पानं, दिवस बारा तासांचा किंवा जास्त. तुम्ही चित्रीकरण करत असताना पुढच्या भागाचा दिग्दर्शक शेजारच्या खोलीत तयारी करत असतो, म्हणून तुमचं काम एक दिवस लांबलं तर सगळी साखळी अडते.

मग संकलन. गिल्डच्या करारानुसार एक तासाच्या भागासाठी दिग्दर्शकाला स्वतःचा कट करायला चार दिवस मिळतात. त्यानंतर भाग निर्मात्यांकडे आणि वाहिनीकडे जातो, त्यात काय राहील ते दिग्दर्शकाच्या हातात नसतं. सिनेमाच्या दिग्दर्शकाला याच करारात दहा आठवडे असतात. हा फरक माहीत नसताना टीव्हीच्या भागावर टीका लिहिणं अन्यायाचं आहे.

आता सराव. त्रेविन्यो यांनी दिग्दर्शित केलेले तीन वेगळ्या मालिकांतले तीन भाग निवडा: एक 'एनवायपीडी ब्लू'चा, एक 'ई.आर.'चा, एक 'व्हॉयेजर'चा. पहिल्यात कॅमेरा हातात, दुसऱ्यात नटांच्या मागे-पुढे तरंगत चालणारा स्टेडिकॅम (चालकाच्या अंगावर बांधलेला, हिसके न बसणारा कॅमेरा) आणि स्ट्रेचरबरोबर धावणारे डॉक्टर, तिसऱ्यात बांधलेले कायमचे सेट आणि बरंचसं स्थिर, नीटनेटकं चित्रण. प्रत्येकातलं एक दृश्य निवडा ज्यात दोन माणसं नुसती बोलत आहेत. आवाज बंद करा. किती शॉट आहेत मोजा. पहिला शॉट रुंद आहे की थेट चेहऱ्यावर? कोण ऐकतोय त्याच्यावर कॅमेरा किती वेळ थांबतो? नट बसलेला असताना उठतो कधी, आणि त्या उठण्यासाठी संवादातला कुठला शब्द निवडला आहे?

मालिकांची शैली वेगळी असल्यामुळे कॅमेऱ्याची हालचाल तुम्हाला फसवेल. तिच्याकडे दुर्लक्ष करून नटांच्या हालचालीकडे बघा. टीव्हीचा दिग्दर्शक स्वतःचं असं जे काही आणतो ते बहुतेक तिथेच असतं: ब्लॉकिंगमध्ये, म्हणजे नटांनी कुठे उभं राहायचं आणि कधी हलायचं ते ठरवण्यात, आणि पाहुण्या नटाकडून दोन दृश्यांत काय काढून घेतलं त्यात. दुसरी तपासण्याची जागा म्हणजे छोट्या भूमिका. दारावरचा हवालदार, रुग्णाची आई, दुकानदार यांची निवड तयारीच्या दिवसांत होते आणि दिग्दर्शकाचा तिथे शब्द चालतो. एखाद्या भागात अचानक लॅटिनो परिचारिका किंवा वकील दिसला आणि त्याच्या वंशाबद्दल संवादात एक अक्षर नाही, तर थांबून भागाच्या दिग्दर्शकाचं नाव बघावं.

सहावी पायरी: यादी वर्षांनुसार लावा, मग पोकळ्या बघा

ही पायरी झटपट होते. सगळं काम एका लांब कागदावर वर्षांनुसार मांडा: एका रंगात नेमून दिलेलं, दुसऱ्या रंगात स्वतःच्या विषयावरचं. त्रेविन्यो यांच्या बाबतीत दोन रंग एकमेकांत कसे विणले आहेत ते दिसेल. विज्ञानकथा मालिका चालू असतानाच 1996 मध्ये पीबीएसवर 'चिकानो!' ही चळवळीचा इतिहास सांगणारी चार भागांची माहितीपट मालिका आली, तिचे ते सह-कार्यकारी निर्माते. 2000 मध्ये शोटाइम वाहिनीवर 'रिझरेक्शन बुलेव्हार्ड' सुरू झाली, डेनिस लिओनी यांनी निर्माण केलेली, पूर्व लॉस एंजेलिसमधल्या मुष्टियोद्ध्यांच्या सांतियागो कुटुंबाची गोष्ट. तिथेही त्रेविन्यो सह-कार्यकारी निर्माते आणि काही भागांचे दिग्दर्शक. कॅमेऱ्यापुढे आणि मागेही लॅटिनो असलेली ही अमेरिकेतली पहिली तासाभराची नाट्यमालिका मानली जाते. आणि 2001 मध्ये त्यांच्या आठवणींचं 'आयविटनेस' हे पुस्तक, आर्ते पुब्लिको प्रेसकडून.

नेमून दिलेल्या कामातून पोट आणि कौशल्य, आपल्या विषयातून बाकी सगळं, असे दोन कप्पे करायचा मोह होतो. करू नका. 'रिझरेक्शन बुलेव्हार्ड'सारख्या मालिकेत त्यांच्यावर निर्मितीची जबाबदारी टाकली गेली ती दशकभर परक्या मालिका वेळेत आणि पैशात पूर्ण करून दाखवल्यामुळे. चळवळीतल्या माणसाला चोख कारागीर असणं परवडत नाही असं आपल्याकडेही काही मंडळी मानतात. मला ते मुळीच पटत नाही.

सातवी पायरी: दुसऱ्या वाटेने गेलेला एक दिग्दर्शक शेजारी ठेवा

तुलनेशिवाय कारकीर्द कळत नाही. त्रेविन्यो यांच्या शेजारी रॉबर्ट रॉड्रिगेझ ठेवा. जन्म 1968, सान अँतोनियो, टेक्सास. दहा भावंडांतला तिसरा. चळवळ ओसरल्यानंतर वाढलेली पिढी.

त्यांच्या 1992 च्या 'एल मारियाची'ची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकलेली असते: सुमारे 7,000 डॉलरमध्ये केलेला सिनेमा, त्यातला काही पैसा ऑस्टिनमधल्या औषध चाचणी केंद्रात स्वतः दाखल होऊन मिळवलेला. ज्याने खलनायक केला तो नट तिथेच भेटला. ही गोष्ट जिद्दीची म्हणून सांगितली जाते. तुम्ही ती पद्धत म्हणून वाचा. चित्रीकरण मेक्सिकोतल्या सीउदाद आकुन्या या सीमेवरच्या गावात, कारण मित्र आणि मुख्य नट कार्लोस गायार्दो तिथला. गावात काय फुकट मिळेल याची आधी यादी केली आणि गोष्ट त्यातून लिहिली: एक कासव, एक बस, एक बार, एक कुत्रा. उसना घेतलेला 16 मिलिमीटरचा कॅमेरा चालताना खडखडाट करायचा, म्हणून चित्रीकरण मुकं. टेक संपला की लगेच कॅमेरा बंद करून नटांकडून तेच संवाद पुन्हा म्हणवून घ्यायचे आणि कॅसेटवर ध्वनिमुद्रण करायचं. संकलनात ओठ आणि आवाज जुळेनासे झाले की तिथे दुसरा शॉट टाकायचा. ट्रॉली नव्हती, चाकाची खुर्ची होती. सिनेमाचा तो जलद, तुटक ठेका बराचसा या अडचणीतून आलेला आहे.

सिनेमा होता स्पॅनिश व्हिडिओ बाजारासाठी. कोलंबिया पिक्चर्सने घेतला, 1993 मध्ये सनडान्स चित्रपट महोत्सवात प्रेक्षक पुरस्कार मिळाला, आणि स्टुडिओने 35 मिलिमीटरची प्रत आणि ध्वनी यांवर मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसा लावला. 7,000 चा आकडा सांगताना हेही सांगायला हवं, नाहीतर नवखी मुलं घरातले दागिने मोडतात.

रॉड्रिगेझही टीव्हीत आले, पण कसे ते बघा. 1994 मध्ये शोटाइमसाठी एक टीव्ही चित्रपट, मग सिनेमे, आणि डिसेंबर 2013 मध्ये स्वतःची 'एल रे' ही वाहिनीच सुरू केली. पुढे 'द मँडलोरियन' या मालिकेचा भाग केला तो नामवंत पाहुणा म्हणून. 2005 मध्ये आलेल्या 'सिन सिटी'च्या वेळी चित्रकथाकार फ्रँक मिलर यांना सहदिग्दर्शकाचं श्रेय द्यायचं होतं आणि गिल्डच्या नियमात ते बसत नव्हतं, तर त्यांनी गिल्डच सोडलं. ऑस्टिनमध्ये स्वतःचा स्टुडिओ असलेल्याला ते जमतं. दर महिन्याला नव्या मालिकेचं काम घेणाऱ्या दिग्दर्शकाला गिल्ड म्हणजे किमान मानधन, आरोग्य विमा, पुनर्प्रसारणाचे पैसे आणि ते चार दिवस. कुणाचा मार्ग बरोबर हा प्रश्न इथे गैरलागू आहे. कुणाच्या हातात काय होतं हे बघायचं.

इथे एक सावधगिरीची सूचना. आल्फोन्सो क्वारोन, आलेखांद्रो इन्यारितू आणि गिएर्मो देल तोरो या तिघांनी 2014 ते 2019 या सहा समारंभांत दिग्दर्शनाची पाच ऑस्कर घेतली. त्यावरून 'लॅटिनोंना आता दारं उघडी' असा निष्कर्ष काढणारे लेख भरपूर आहेत. हे तिघे मेक्सिकोत वाढले, तिथल्या चित्रसृष्टीत तयार झाले आणि नाव कमावून आले. पूर्व लॉस एंजेलिसमध्ये किंवा एल पासोत वाढलेल्या मुलाची वाट वेगळी आहे. त्या वाटेवरची आणखी कामं बघायची तर लुईस वाल्देझ यांचा 'झूट सूट' आणि ग्रेगरी नावा यांचा 'एल नोर्ते' घ्या.

आठवी पायरी: स्वतः दिग्दर्शन करायचं असेल तर

एक, दहा मिनिटांची कुठलीही संहिता घ्या, तुमची नको, मित्राची. ती तीन दिवसांत तयार करा, एका दिवसात चित्रित करा, चार तासांत संकलित करा आणि लेखकाच्या हवाली करून बाजूला व्हा. त्याने काय कापलं ते शांतपणे बघा. टीव्हीचं काम झेपेल का हे त्यातून कळतं.

दोन, सेटवर निरीक्षक म्हणून उभं राहायची संधी शोधा. अमेरिकेत याला शॅडोइंग म्हणतात आणि पुष्कळ नवे दिग्दर्शक याच वाटेने पहिला भाग मिळवतात. गोरेगावच्या फिल्मसिटीत किंवा घोडबंदर रोडच्या एखाद्या सेटवर ओळखीने हे जमू शकतं. तिथे दिग्दर्शकाच्या मॉनिटरमागे उभं राहण्यापेक्षा पहिल्या सहायकाजवळ राहा. दिवस हातातून निसटू लागला की कुठलं दृश्य छोटं करायचं, कुठला शॉट सोडायचा, हा निर्णय त्या दोघांच्या कुजबुजीत होतो.

तीन, आपल्या गल्लीतलं काहीतरी सतत टिपत राहा. काम मिळालं तरी, मिळत नसलं तरी.

साहित्य कसं मिळवायचं

मुख्य वेळेतल्या मालिका मिळणं अवघड नाही. माहितीपट अवघड. शोधताना नाव दोन्ही तऱ्हांनी टाका, 'साल्वादोर'सह आणि त्याविना; स्पॅनिश शीर्षकातली चिन्हं काढूनही शोधा, कारण जुन्या याद्यांत ती नसतात. शीर्षकाबरोबर वर्ष आणि 'केसीईटी' किंवा 'पीबीएस' जोडा. अमेरिकेत शिकणारे नातेवाईक किंवा मित्र असतील तर त्यांना विद्यापीठाच्या ग्रंथालयात चिकानो अभ्यास विभागाच्या संग्रहात विचारायला सांगा. जुने माहितीपट बहुधा तिथेच असतात. त्रेविन्यो यांनी पुढे 'लॅटिनोपिया' हे संकेतस्थळही उभं केलं. त्यावर चळवळीतल्या माणसांच्या मुलाखती आणि जुन्या चित्रणाचे छोटे तुकडे आहेत. 'यो सोय चिकानो' पूर्ण मिळेपर्यंत तिथून सुरुवात करा, आणि प्रत्येक तुकड्यासमोर वहीत वर्ष लिहायला विसरू नका.